मेहरबानी की हक्क? बॅरिस्टर अंतुले यांच्या कारकिर्दीकडे बघताना

(युवक-युवतींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



भाषण सुरू करण्याआधी मघाशी मी तुमच्यापैकी काही जणांना एक प्रश्न विचारला. महाराष्ट्रात आजवर किती मुस्लिम मुख्यमंत्री झाले? एक जण म्हणाला, एकही नाही. एक मुलगी म्हणाली, कुणीतरी होते, पण भ्रष्टाचारात गेले. आणि मागे बसलेला एक मुलगा म्हणाला, होते, पण मुसलमान म्हणून त्यांना टिकू दिलं नाही. या तीन उत्तरांमध्ये आपल्या समाजाची राजकीय समज सगळी येते. एकाला इतिहास माहीत नाही, एकीला फक्त बदनामी माहीत आहे आणि एकाला फक्त तक्रार माहीत आहे. म्हणून आज मी बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांच्याबद्दल बोलणार आहे.

हे गौरवाचं भाषण नाही आणि खटलाही नाही. जवळजवळ अर्धं शतक सार्वजनिक जीवनात राहिलेला, आमदार, खासदार, राज्याचा मुख्यमंत्री आणि दोनदा केंद्रीय मंत्री झालेला हा माणूस. त्याच्या कामातलं काय टिकलं आणि काय बुडालं, एवढंच आपण बघू. मला वाटतं, त्यातून आपल्याला एक फार कामाची गोष्ट मिळते.

आंबेत ते मंत्रालय

अंतुले यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९२९ चा. गाव आंबेत, तालुका म्हसळा, सावित्रीच्या खाडीकाठी. तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आजचा रायगड. कोकणी मुस्लिम कुटुंब. तुमच्यात कोकणातली मुलं-मुली आहेत, त्यांना हे सांगायला नको की आपल्याकडे मशिदीतून बाहेर पडल्यावर माणूस शेजाऱ्याशी ज्या भाषेत बोलतो ती मराठीच असते, भात तेच असतं, मासळी तीच असते आणि मुंबईची किंवा आखाताची वाटही सगळ्यांची तीच असते. अंतुले या मातीतून वर आले. मुंबईत शिकले, लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले आणि परत येऊन काँग्रेसच्या राजकारणात पडले. १९६२ साली ते विधानसभेत गेले. पुढे राज्यात मंत्री झाले. १९७६ मध्ये राज्यसभेवर गेले आणि पक्षाचे सरचिटणीस झाले.

आता एक महत्त्वाचं वळण. १९७७ साली इंदिरा गांधी हरल्या आणि १९७८ च्या सुरुवातीला काँग्रेस फुटली. महाराष्ट्रातली बहुतेक वजनदार मंडळी तेव्हा दुसऱ्या बाजूला होती. अंतुले इंदिराबाईंबरोबर राहिले. ज्या काळात त्यांच्याबरोबर उभं राहण्यात काही फायदा दिसत नव्हता, त्या काळात राहिले. १९८० मध्ये इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या, महाराष्ट्रातही त्यांच्या पक्षाला मोठं बहुमत मिळालं आणि ९ जून १९८० रोजी अंतुले मुख्यमंत्री झाले. वय ५१.

हे कसं झालं ते नीट समजून घ्या. महाराष्ट्राचं राजकारण तेव्हा साखर कारखाने, जिल्हा बँका आणि जिल्हा परिषदा यांच्यावर उभं होतं. ज्याच्या हातात कारखाना, त्याच्या हातात तालुका. अंतुले यांच्याकडे कारखाना नव्हता. मोठ्या संख्येची जात पाठीशी नव्हती. मुसलमानांची मतं एकगठ्ठा त्यांच्यामागे होती आणि म्हणून ते मुख्यमंत्री झाले, असंही नाही. ते झाले कारण दिल्लीतल्या एका नेत्याचा त्यांच्यावर विश्वास होता. हीच त्यांची ताकद होती आणि हाच कच्चा दुवाही होता. जे पद वरून येतं, ते वरूनच जाऊ शकतं.

दीड वर्षातली कामं

मुख्यमंत्री म्हणून त्यांना जेमतेम दीड वर्षाच्या आसपास काळ मिळाला. पण माणूस झपाट्याचा. फायलीवर बसून राहणारा नव्हे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग आणि औरंगाबादेतून जालना असे दोन नवे जिल्हे झाले. त्याच वर्षी कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. औरंगाबादला मुंबई उच्च न्यायालयाचं कामकाज ऑगस्ट १९८१ मध्ये सुरू झालं. मराठवाड्यातल्या पक्षकाराला मुंबईपर्यंत हेलपाटे घालावे लागत होते, ते वाचले. ही मागणी जुनी होती, त्यासाठी अनेकांनी लढा दिला होता, पण निर्णय या सरकारच्या काळात झाला.

शिवाजी महाराजांची भवानी तलवार इंग्लंडहून परत आणण्याची घोषणाही त्यांनी केली होती. तलवार आली नाही, पण ती घोषणा आजही लोकांच्या लक्षात आहे. काही जण म्हणतात, मुसलमान मुख्यमंत्र्याला आपली निष्ठा सिद्ध करायची होती, म्हणून तलवार आणि म्हणून रायगड. असेलही. पण दुसऱ्या बाजूनेही बघा. रायगड किल्ला ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातल्या महाडजवळच्या टापूत हा माणूस लहानाचा मोठा झाला. त्याला शिवाजी महाराज आपले वाटले, तर त्यात नवल काय? एखाद्या मुस्लिम नेत्याने महाराजांचं नाव घेतलं की ते ढोंग आणि घेतलं नाही की तो द्रोह, या कात्रीत त्याला आपण कशासाठी पकडायचं?

पण या सगळ्यापेक्षा मला जी गोष्ट मोठी वाटते तिच्यावर कुणी भाषण करत नाही. ती म्हणजे १९८० साली सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना.

नावावर जाऊ नका. नाव कुणाचं दिलं, का दिलं, हे त्या काळच्या राजकारणाकडे बघितलं की कळतं. योजना काय आहे ते बघा. ज्याला कमावणारं कुणी नाही, त्याला सरकारने दरमहा थोडे पैसे द्यायचे. विधवा, अपंग, अनाथ मुलं, दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेली माणसं. घटस्फोट झालेली आणि पोटगी न मिळणारी बाईसुद्धा त्यात आहे. रक्कम कधीच पुरेशी नव्हती. २०२३ साली ती दरमहा १५०० रुपये झाली. आजच्या महागाईत १५०० रुपये म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. तरीही ज्या घरात दुसरं काहीच येत नाही, त्या घरात त्यावर गॅस येतो, औषध येतं.

काही वर्षांपूर्वी मी एका ताईंबरोबर तहसील कचेरीत गेलो होतो. नवऱ्याने तोंडी तलाक देऊन घराबाहेर काढलेलं. पदरात दोन मुलं. पोटगीसाठी कोर्टात जायची हिंमत नव्हती आणि समाजातली वडीलधारी मंडळी सांगत होती, सबर कर. तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाची प्रत, रहिवासाचा पुरावा, असे कागद गोळा करण्यात आमचे तीन महिने गेले. पण एक गोष्ट मी पाहिली. त्या अर्जावर कुणी त्यांना विचारलं नाही की तलाक कुठल्या पद्धतीने झाला, मौलवीसाहेब काय म्हणाले. त्या निराधार आहेत की नाहीत, एवढाच प्रश्न होता. पुढे त्यांचं अनुदान सुरू झालं, तेव्हा त्या बँकेचं पासबुक दाखवायला आल्या. म्हणाल्या, "भाई, यावर फक्त माझं नाव आहे." त्यांना हे पैसे कुठल्या मुख्यमंत्र्याच्या काळात सुरू झाले हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असण्याची गरजही नव्हती. हक्काचं असंच असतं. देणाऱ्याचं नाव लक्षात ठेवावं लागत नाही.

सिमेंटची गोणी

आता दुसरी बाजू. ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

त्याच १९८० सालात अंतुले यांनी एक ट्रस्ट काढला, इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान. साहित्यिक, कलावंत यांना मदत करणं हा जाहीर हेतू. तसे आणखीही ट्रस्ट होते. या ट्रस्टना देणग्या येऊ लागल्या. त्यात बिल्डर होते.

तुम्हाला आज सिमेंट हवं असेल तर तुम्ही दुकानात जाता आणि गोणी घेऊन येता. तेव्हा तसं नव्हतं. सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. तुटवडा होता. कुणाला किती गोण्या मिळणार हे सरकार ठरवायचं. घर बांधणाऱ्याला परवाना लागायचा आणि काळ्या बाजारात भाव वेगळाच असायचा. जिथे वस्तू कमी आणि ती वाटायचा अधिकार एका माणसाच्या सहीत, तिथे त्या सहीला किंमत येतेच. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये अरुण शौरी यांचा लेख आला आणि हे प्रकरण देशभर गाजलं. विधिमंडळात गदारोळ झाला, मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेल्या. १२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती लेंटिन यांनी निकाल दिला. सिमेंटचं वाटप आणि ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध आहे, असा त्या निकालाचा गाभा होता. अंतुले यांनी राजीनामा दिला. आणि गंमत बघा, पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी १९८२ मध्ये, केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं. ज्या टंचाईने एका मुख्यमंत्र्याचं पद घेतलं, ती टंचाई मुळात नियमांनी पोसलेली होती.

अंतुले यांचे समर्थक तेव्हाही म्हणायचे आणि आजही म्हणतात की पैसे स्वतःच्या खिशात नव्हे तर ट्रस्टमध्ये जात होते, धनादेशाने जात होते आणि कामही चांगलं होतं. समजा, हे सगळं मान्य केलं. तरी प्रश्न उरतोच. सरकारी सिमेंट जनतेचं. ते देताना मुख्यमंत्र्याशी संबंधित ट्रस्टला देणगी मिळाली, तर ती देणगी मनापासूनची की भीतीपोटीची हे ठरवणार कोण? आणि त्या ट्रस्टमधून उद्या एखाद्या गरीब कलावंताला मदत मिळाली, तर तो कुणाचे उपकार मानणार? सरकारचे की साहेबांचे?

माझं आजचं सगळं म्हणणं या दोन गोष्टींच्या तुलनेत आहे. एकच माणूस, एकच वर्ष. दोन्ही कामांना एकाच घराण्यातली नावं. दोन्हींचा हेतू मदत करण्याचा. एकीत नियम होता, अर्ज होता, पात्रता होती, सरकारी तिजोरीतला पैसा होता आणि विधिमंडळाचा हिशेब होता. दुसरीत देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये फक्त एका माणसाची मर्जी होती. पहिली योजना चाळीस वर्षांहून जास्त काळ चालू आहे. दुसरीने दीड वर्षात मुख्यमंत्र्याला घरी पाठवलं.

मुसलमान म्हणून गेले?

मागच्या बाकावरच्या मित्रा, आता तुझ्या म्हणण्याकडे येतो. मुसलमान होते म्हणून त्यांना काढलं का?

१९८६ साली शिवाजीराव पाटील निलंगेकर यांनाही मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. त्यांच्या बाबतीतही उच्च न्यायालयाचे ताशेरे होते, विषय होता वैद्यकीय परीक्षेतल्या गुणांचा. २०१० मध्ये आदर्श सोसायटीच्या प्रकरणात अशोक चव्हाण यांना जावं लागलं. तेव्हा न्यायालय किंवा घोटाळा यांमुळे पद गेलेले अंतुले एकटे नाहीत. लेंटिन यांच्या निकालात धर्माचा प्रश्न नव्हता, सिमेंटचा होता. आपल्या माणसावर ठपका आला की तो धर्मावरचा हल्ला ठरवायचा, ही सवय आपण सोडली पाहिजे. त्यात आपलंच नुकसान आहे. चूक करणाऱ्याला आडोसा मिळतो आणि खरा भेदभाव होतो तेव्हा आपल्या ओरडण्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

पण इथेच थांबलो तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात मुसलमान साडेअकरा टक्के आहेत. अंतुले यांच्यानंतर चार दशकांत दुसरा मुस्लिम मुख्यमंत्री झाला नाही. २०२४ च्या निवडणुकीत विधानसभेच्या २८८ जागांवर १० मुस्लिम आमदार निवडून आले. लोकसभेत २००९, २०१४ आणि २०२४ या निवडणुकांत राज्यातून एकही नाही. एका माणसाची चूक त्याची एकट्याची असते, असं आपण इतरांच्या बाबतीत मानतो. आपल्या बाबतीत ती सगळ्या समाजाच्या खात्यावर लिहिली जाते. ही तक्रार रास्त आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि सुजाण नागरिकाला दोन्ही एकाच वेळी म्हणता आल्या पाहिजेत.

कायद्याच्या पुस्तकातलं नाव

राजीनाम्यानंतर फौजदारी खटला सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षे चालला. त्यातून भारतीय कायद्याला जे मिळालं ते तुमच्यातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना माहीत असेल. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो.

१९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पद गेलेल्या माणसावर त्या जुन्या पदावरच्या कृत्यांसाठी खटला भरायला सरकारची पूर्वपरवानगी लागत नाही. त्याच वेळी न्यायालयाने खटला विशेष न्यायाधीशाकडून काढून थेट उच्च न्यायालयाकडे दिला. हेतू हा, की तो लवकर संपावा. पण त्यामुळे अंतुले यांचा अपिलाचा एक टप्पा हिरावला जात होता. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितलं की आमचा तो आदेश कायद्याला धरून नव्हता, न्यायालयाच्या चुकीची शिक्षा कुणाही माणसाला होता कामा नये. देशाचं सर्वोच्च न्यायालय स्वतःची चूक कबूल करतं, असा तो निकाल.

आणि तिसरा निकाल १० डिसेंबर १९९१ चा. पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ. त्याने सांगितलं की जलद सुनावणीचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर तो लागू आहे. याआधी १९७९ साली बिहारच्या तुरुंगांत सडणाऱ्या कच्च्या कैद्यांच्या प्रकरणात न्यायालयाने हे तत्त्व मांडलं होतं. त्या खटल्याचं नाव हुसैनआरा खातून. १९९१ च्या निकालाने त्याला सविस्तर कसोट्या दिल्या.

बघा, कायद्याच्या पुस्तकात दोन नावं शेजारी येतात. तुरुंगातली एक गरीब बाई आणि एक माजी मुख्यमंत्री. आपल्या देशातल्या तुरुंगांत चार कैद्यांमागे तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे अजून ज्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही असे. त्यात मुसलमानांचं प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त आहे, दलित-आदिवासींचंही आहे. त्यांच्यापैकी कुणाचा वकील उद्या कोर्टात उभा राहून म्हणेल, "अंतुले विरुद्ध नायक, १९९२," तर त्या निकालाचा आधार त्याला मिळेल. मुख्यमंत्री असताना अंतुले यांनी ज्यांना काही दिलं नव्हतं, त्यांना आरोपी अंतुले यांच्या खटल्यामुळे हे मिळालं.

दिल्लीतली दोन खाती

राजकारणात अंतुले संपले असं लोकांना वाटलं होतं. ते १९८९ मध्ये कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. १९९१ मध्ये, १९९६ मध्ये आणि पुन्हा २००४ मध्ये. हा मतदारसंघ म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचा बालेकिल्ला. १९८४ साली इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेतसुद्धा इथून दि. बा. पाटील निवडून आले होते. मुसलमान इथे अल्पसंख्य. आगरी, कुणबी, कोळी, मराठा, बौद्ध, अशा सगळ्यांनी मतं दिल्याशिवाय इथून कुणी खासदार होत नाही. मुस्लिम उमेदवार फक्त मुस्लिमबहुल भागातच निवडून येतो, असं जे आज सगळे पक्ष धरून चालतात, त्याला रायगडच्या मतदारांनी चार वेळा उत्तर दिलं आहे. २००९ मध्ये मात्र अनंत गीते यांच्याकडून ते हरले.

१९९५ मध्ये नरसिंह राव यांच्या मंत्रिमंडळात ते आरोग्यमंत्री होते. त्याच वर्षी ९ डिसेंबरला देशभर पल्स पोलिओची पहिली फेरी झाली. ही मोहीम एकट्या मंत्र्याची नव्हे. हजारो आशा-अंगणवाडीच्या बायकांनी पुढे ती खांद्यावर वाहिली. आपल्या काही वस्त्यांमध्ये तर अफवांमुळे दारं बंद व्हायची, त्याही दारांवर त्या पुन्हा पुन्हा गेल्या. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. त्याच वर्षी २ डिसेंबरला अंतुले गेले.

२९ जानेवारी २००६ रोजी केंद्रात अल्पसंख्याक मंत्रालय स्थापन झालं. त्याचे पहिले मंत्री अंतुले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सच्चर समितीचा अहवाल आला आणि मुसलमानांचे लाड होतात या आरोपाला आकड्यांनी उत्तर मिळालं. मग मॅट्रिकपूर्व, मॅट्रिकोत्तर आणि व्यावसायिक शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या आल्या. त्यात ३० टक्के वाटा मुलींसाठी राखलेला. इथे बसलेल्या किती जणींनी तो अर्ज भरलाय, हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त.

आता एक कटू प्रश्न. निराधार योजना चाळीस वर्षं टिकली. शिष्यवृत्त्यांचं काय झालं? २०२२ मध्ये पहिली ते आठवीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती बंद झाली. मौलाना आझाद फेलोशिप बंद झाली. आवाज कुणी उठवला? मुख्यतः आपणच, तोही क्षीण. उद्या कुठलंही सरकार निराधार योजना बंद करायला निघालं, तर गावागावातून मोर्चे येतील. कारण त्या रांगेत मराठा विधवा आहे, मातंग म्हातारा आहे, आदिवासी अपंग आहे आणि आपली तलाक झालेली बहीणही आहे. जो हक्क सगळ्यांचा असतो त्याला राखणदारही सगळे असतात. याचा अर्थ अल्पसंख्याकांसाठी वेगळ्या योजना नकोत असा नाही. जिथे मागासलेपण वेगळं आहे तिथे उपाय वेगळा लागतोच. पण त्या योजनांच्या रक्षणासाठी आपल्याला शेजाऱ्यांची साथ लागेल, आणि ती साथ मागण्याआधी आपण त्यांच्या मागण्यांसाठी किती वेळा रस्त्यावर उतरलो, हे स्वतःला विचारावं लागेल.

एक प्रश्न, जो महागात पडला

डिसेंबर २००८. मुंबईवरच्या हल्ल्याला महिनाही झाला नव्हता. त्यात हेमंत करकरे शहीद झाले. मालेगाव स्फोटाचा तपास तेच करत होते. अंतुले यांनी करकरे यांच्या मृत्यूच्या परिस्थितीबद्दल जाहीर शंका घेतली. संसदेत गदारोळ झाला, राजीनाम्याची मागणी झाली. गृहमंत्र्यांनी सभागृहात निवेदन करून ती शंका फेटाळली आणि अंतुले यांनी विषय संपवला.

माझं मत सांगतो. नागरिकाने प्रश्न विचारला तर तो त्याचा हक्क आहे. पण मंत्र्याकडे शंका असेल तर त्याने ती मंत्रिमंडळात, फाइलवर, पुराव्यासह मांडावी. मंत्री अफवेला वजन देतो, तेव्हा ती अफवा राहत नाही. दुसरीकडे, त्या काही दिवसांत एका ७९ वर्षांच्या, हयात राजकारणात घालवलेल्या माणसाच्या देशनिष्ठेवर जी चिखलफेक झाली, तीही लज्जास्पद होती. विधान चुकीचं म्हणा, पण माणसाला परका म्हणू नका. एवढा विवेक दोन्ही बाजूंना राखता आला असता.

आपण काय घ्यायचं?

मित्रांनो, आपल्या मोहल्ल्यात राजकारण म्हणजे काय असतं? साहेबांकडे जायचं. साहेब फोन करतात. दवाखान्यात खाट मिळते, शाळेत प्रवेश मिळतो, नळाचं कनेक्शन मिळतं. मग निवडणुकीत आपण उपकार फेडतो. साहेब आपल्या जमातीचे असले तर आनंद दुप्पट. पण फोन ज्याच्यासाठी झाला त्याचं काम झालं. ज्याची साहेबांशी ओळख नाही, त्या विधवेचं काय? फोन म्हणजे आपल्या काळातली सिमेंटची गोणीच आहे.

निराधार योजनेतही ही मर्जी मागच्या दाराने घुसते बरं का. तालुक्याच्या समितीवर राजकीय नेमणुका होतात, अर्ज कुणाच्या शिफारशीने आला हे बघितलं जातं, उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे वर्षाला २१ हजारांवर अडून राहते. म्हणजे महिन्याला जेमतेम पावणेदोन हजार. हक्क एकदा कागदावर आला म्हणजे काम संपलं असं होत नाही. त्याला रोज पाणी घालावं लागतं.

म्हणून माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. घरी गेल्यावर आपल्या वस्तीतली अशी पाच घरं शोधा, जिथे कमावणारं कुणी नाही. मुसलमान असोत की नसोत. त्यांचे कागद गोळा करा, तहसीलला जा, पोचपावती घ्या. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. कुणाच्या चिठ्ठीशिवाय एक अर्ज मंजूर करून दाखवा. त्या दिवशी तुम्हाला कळेल की नेता आपला असण्यापेक्षा नियम आपला असणं किती मोठं आहे.

अंतुले आंबेतच्या मातीत परत गेले. त्यांच्या नावाने कुणी जयजयकार करो वा न करो. पण महिन्याच्या ठरावीक तारखांना महाराष्ट्रातल्या बँकांच्या आणि टपाल कचेऱ्यांच्या दारात म्हाताऱ्या माणसांची रांग लागते, हातात पासबुक धरून. त्या रांगेत कुणालाही अंतुले कोण हे माहीत नसेल. मला वाटतं, त्यांच्या कारकिर्दीतली सगळ्यात चांगली गोष्ट तीच आहे.